भागीमावशी माणसं मोजत नसे

भागीमावशी पंगतीत पहिली भाकरी वाढताना "लाभ" म्हणायची. मग दोन, तीन, चार. धान्य मापताना पहिल्या मापाला एक न म्हणता लाभ म्हणतात ना, तसं. मोजायच्या त्या भाकऱ्या, माणसं नव्हेत. माणसं मोजली की दृष्ट लागते, अशी तिची खात्री. आज किती जेवले असं मी विचारलं, तर झापायची, "मेल्या, माणसां काय नारळ आसत?"

लालबागच्या आमच्या चाळीत एका खोलीत तिची खाणावळ होती. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. जेवायला कोकणातले गिरणी कामगार, आणि त्यांच्यात मी एकटा म्युनिसिपालिटीच्या शाळेतला मास्तर. आमटी, खरं सांगतो, नुसतं पाणी असायची. पण कुणी अर्धपोटी उठला, तर मावशी दंडाला धरून त्याला परत बसवायची.

दत्तू तिच्या गावचा. गिरणीच्या साचेखात्यात, मागावर लागलेला, हसरा, भुकेला पोरगा. पंगतीत नेहमी पहिला, म्हणून लाभ त्याचाच. तो दारात दिसला की मावशी म्हणायची, "इलो माझो लाभ!"

संयुक्त महाराष्ट्राच्या त्या धामधुमीत एकदा कडकडीत हरताळ पडला. दुकानं बंद, डब्यात पीठ थोडं. भाकऱ्या पुरतील की नाही या काळजीनं मावशी चुलीपासून उठली आणि बसलेल्यांवर बोट फिरवत भराभर म्हणाली, "एक, दोन, तीन..." पहिलं बोट दत्तूवर. तेव्हा कुणाच्या लक्षातही आलं नाही. दत्तू जेवला, कोटाकडच्या, म्हणजे फोर्टातल्या मोर्च्याला गेला आणि तिथल्या गोळीबारात मेला.

"मी त्येका एक म्हटलंय रे," ती पुन्हापुन्हा सांगायची. गोळी अशानं लागत नाही, हे मी तिला नाना परींनी समजावलं. ती ऐकून घ्यायची आणि चुलीकडे वळायची. मला तिचा राग यायचा. त्यानंतर ती भाकऱ्याही न मोजता वाढू लागली.

पुढे राज्य मिळालं, चाळीत पेढे वाटले. मावशीनं आपल्या वाटचा पेढा न खाता पदराला बांधून ठेवला.

मग शिरगणती आली आणि ते काम आम्हा मास्तरांच्या गळ्यात पडलं. पाळ्यांमुळे हे लोक खोलीवर कधी सापडत नसत, म्हणून मी कागद घेऊन त्यांना पंगतीतच गाठलं. मावशी हातातलं उलथणं घेऊन आडवी उभी राहिली.

"नाय. एकाचो जीव घेतलंय मी. ह्यांका मोजूक देवचंय नाय."

"मावशी, सरकारी काम आहे. माझी नोकरी जाईल."

तिनं उलथणं खाली घेतलं नाही. शेवटी मीच म्हणालो, "मी मोजत नाही. ज्यानं त्यानं आपलं नाव सांगावं, मी फक्त लिहितो." मग एकेकानं नाव सांगितलं. मावशी भिंतीकडे तोंड करून, कानांवर हात दाबून उभी होती.

काही दिवसांनी देशाचा आकडा पेपरात आला. मी जेवताना तो मोठ्यानं वाचला. सगळे "अबब!" म्हणाले.

"माणसां वाडली?" मावशीनं विचारलं.

"हो. कोट्यवधींनी."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली.

"मगे आमचो एक कमी झालो, तो त्यात खंय दिसता काय रे?"

मी पुन्हा त्या आकड्याकडे पाहिलं. नव्हता दिसत.