रशियन सून पाणी घेईना

सत्यशीलेचं नाव निघालं की लोकं म्हणतात, लय शांत बाई होती. काही शांत नोहती! बोलत नोहती, इतकंच. बोलाचं काम माझ्याकडं होतं, अन ते मी तिच्या वाटचंही करून टाकत होती.

मी कलावती. गाव गोंदियाकडचं, घरी धानाची शेती. आमचे हे पोलादाच्या कारखान्यात फर्नेसच्या कामावर लागले, सेक्टरमध्ये क्वार्टर भेटलं, अन मी कारखाना उभाराले आलेल्या रशियन पाहुण्यांच्या होस्टेलात भांडे घासाले लागली. एकसष्ट-बासष्टची गोष्ट असन. तेव्हा अर्धा कारखाना उभा होता अन अर्धा उभा होऊन राहिला होता. रस्त्यावर झाडं कमी, ट्रक जास्त. लाल धूळ अशी की सकाळी घातलेलं लुगडं दुपारी ओळखू येत नोहतं. होस्टेलच्या मोरीत आमी सहा बाया राखेनं अन चिंचेनं बशा घासत होतो. अन त्या रशियन माणसाले एका जेवणाले बशा किती लागाव्या? सूपाची वेगळी, भाताची वेगळी, पावाची वेगळी! घासून घासून माझ्या बोटाच्या रेघा गेल्या होत्या.

त्यात सत्यशीला आली. भंडाऱ्याकडची, बौद्ध. तिचा नवरा जानराव रेल्वेत, पावर हाउस नावाच्या स्टेशनवर इंजिनात पाणी भराच्या कामावर होता. अंगानं किडकिडीत, पण घागर उचलली की आमी दोघी लागत तिथं ती एकटी पुरे. ती आली त्या दिवशी मी माझा पाण्याचा माठ खालून उचलला अन खिडकीत वर ठेवला. कोणी सांगतलं नोहतं, मीच ठेवला. तिनं पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून ती घरून पितळेचा लोटा भरून आणाले लागली. आता सांगाले लाज वाटते, पण गोष्ट सांगाची तर पुरी सांगाची.

वर्षभरानं मशीन आली. भल्ला मोठा लाकडी खोका, त्यावर उलटीसुलटी अक्षरं. आतून निघालं लोखंडाचं कपाट. त्यात बशा लावाच्या, दार लावाचं, बटन दाबाचं, नळातून रबरी पायपानं पाणी आत येते अन बशा आपोआप धुतल्या जातात. आमी बाया तोंडाले पदर लावून पाहत राहिलो. अंजनाबाई म्हणे, "ही तं रशियन सून आली वो! येऊन पहिले भांडेच घासते." तेव्हापासून तिचं नाव रशियन सून.

हसलो खरं, पण सून भांडे घासन तर आमी काय करू? कोणी तिच्याजवळ जाईना. आमचे सुपरवायझर भैयालालजी, बालाघाटकडचे, अर्धी मराठी अन अर्धी हिंदी बोलत. ते म्हणाले, "जो मशीन सीखेगी, उसका नाम परमनंटच्या यादीत. परमनंट म्हणजे क्वार्टर. बोला, कोण?"

मागून सत्यशीलेचा आवाज आला, "मले शिकवा."

मशीन बसवाले आलेल्या रशियन फिटरनं आठ दिवस तिले शिकवलं. त्याले हिंदीचे तीन शब्द येत, अन हिले त्याची भाषा एक अक्षर नाई. सगळं हातानंच. हे उघड, ते बंद कर. एक जागा मात्र त्यानं दोन्ही हात हलवून दाखवली: नळाले रबरी पायप जोडला होता तो जोड. याले कधीच हात लावाचा नाई! मग तो आपल्या देशात गेला, अन रशियन सून सत्यशीलेच्या हवाली झाली.

एकदा मी तिले टोमणा मारला, "काय वं, क्वार्टरसाठी इतकी धडपड? सुपेला गावाच्या पलीकडं झोपडी आहे नं तुझी?"

ती बशा लावत लावत बोलली. "बाई, आमच्या गावात मी घागर घेऊन विहिरीपासून दूर बसत होती. कोणी येऊन वरून ओतून देईल तेव्हा पाणी. कधी कधी सूर्य डोक्यावर येत होता. इथं चार घरं सोडून हापशी आहे, तिथंबी रांग अन तिथंबी बोलणी. मले एक नळ पायजे. घरातला. मनाले वाटलं की उठीन अन सोडीन."

 माझ्या क्वार्टरात नळ होता अन मी त्याच्याकडं कधी धड पाहिलंबी नोहतं.

मग आला तो हप्ता. बुधवारी बटन दाबलं, मशीन नुसती घुर्र करून राहिली अन आत पाण्याचा थेंब नाई. गुरुवारी तेच. अन शनिवारी होस्टेलात दोनशे माणसांचं जेवण, शनिवारीच दुपारी परमनंटची यादी वर जाणार. भैयालालजीनं मशीनले लात मारली. इलेक्ट्रिशियन येऊन पाहून गेला, म्हणे मोटर ठीक आहे, करंट ठीक आहे, पाण्याचं मले विचारू नका. भैयालालजी सत्यशीलेले म्हणाले, "उद्या सकाळपर्यंत पाणी नाई भरलं, तो नाम कट. परत राखेनं भांडे घासाले बसाचं."

तेव्हा माझ्या जिभेले काय झालं होतं देव जाणे. मी बायांत बसून मोठ्यानं म्हटलं, "सून पाणी कावून घेईल? हात कोणाचा लागते, पाहा नं."

अंजनाबाई हसली. बाकीच्या हसल्या नाई. सत्यशीलेनं ऐकलं. तिनं हातातली बशी खाली ठेवली, पदर खोचला अन बाहेर निघून गेली. मले वाटलं, रडाले गेली. ही गेली होती गच्चीवर, पाण्याच्या टाकीवर!

शुक्रवारी सकाळी मी विचारलं, टाकीवर कावून गेली होती? तेव्हा म्हणाली, "आमचे हे सांगतात, इंजिनात पाणी नाई चढलं तर इंजिनाले शिव्या देऊ नको. टाकीपासून पायपाच्या संग चालत ये." मग ती चालली, अन आमी सहाच्या सहा बाया काम सोडून तिच्या मागं. टाकी पाहिली, भरलेली. खालचा कॉक पाहिला, उघडा. अंगणात त्याच पायपावरची तोटी सोडली, पाणी धो धो. "इथवर आलं," ती म्हणाली. मग मशीनच्या पोटात हात घातला. आत एक तरंगतं डबडं होतं. पाणी भरलं की ते वर उठते अन पाणी बंद करते. ते अडकलं असन तर मशीनले वाटते आपण भरलोच आहो. तिनं वर उचललं, सोडलं, चारदा केलं. सुटं होतं. रबरी पायप हातानं चाचपत आली, कुठं मुरगाळला नोहता. राहिला तो एकच जोड, नळाचा, ज्याले हात लावाचा नोहता.

ती त्याच्यापुढं उभी राहिली. अन इथं माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. 

रविवारी मशीन बंद होती. त्याच नळाचं पाणी मी आधी माठात भरत होती. पाणी लाल येत होतं, नव्या पायपांचा गंज. माझ्या आईनं मले शिकवलं, पाणी फडक्यानं गाळल्याबिगर माठात घालाचं नाई. तर मी जोड सोडला अन नळाच्या तोंडाले चार पदरी फडकं बांधलं. खरं सांगू? नुसत्या गंजापायी नाई. आता तो नळ सत्यशीला दिवसभर हाताळत होती, म्हणूनही. माठ भरला, तेवढ्यात भैयालालजीच्या चपलांचा आवाज आला. मी घाईघाईनं फडक्याची टोकं आत कोंबली, वरून पायप चढवला अन कडी आवळली. मग विसरली. चांगली सपशेल विसरली. दोन दिवस पाणी झिरपत राहिलं, मग गाळानं फडकं थापलं गेलं.

सत्यशीलेनं कडी ढिली केली, पायप ओढला. नळाच्या तोंडाशी लाल चिखलाचा गोळा. तिनं तो सोडवला, बोटानं पुसला, अन चिखलाखालून हिरवं कापड दिसलं. लाल काठाचं. माझं गोंदियाचं हिरवं लुगडं साऱ्या होस्टेलाले माहीत होतं.

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग मूठ बंद केली अन मूठ पदराखाली.

भैयालालजी धावत आले. "क्या निकला?"

"गाळ निघाला, साहेब."

"गाळ? मतलब तूने सफाई नहीं की! तीन दिवस मशीन बंद तुझ्या आळसानं? पाणी आलं तो क्या हुआ, अशी बाई परमनंट नाई चालणार."

सत्यशीला काही बोलली नाई. पदराखालची मूठ तशीच. मी पाहत होती. एक मन म्हणे, गप बैस कलावती, कोणाले काय कळते? दुसरं मन म्हणे, तिच्या मुठीत तुझं लुगडं आहे अन ती तुझ्यासाठी आपला नळ सोडून राहिली. माझा मलेच असा राग आला की काय सांगू!

"भैयालालजी," मी ओरडली, "गाळ नाई, फडकं निघालं. माझं फडकं! मी बांधलं. अन हिचा हात लागला म्हणून बोलली तीबी मीच. शिक्षा द्याची तर मले द्या, यादीतलं तिचं नाव काटू नका."

 भैयालालजीनं एकदा मले पाहिलं, एकदा नळाले. सत्यशीलेनं तेवढ्यात पायप चढवला, कडी आवळली, बटन दाबलं. आत पाणी पडाचा आवाज आला. मग घुर्र, मग बशांवर फवारा. भैयालालजीचं तोंड आपोआप सैल झालं. मले म्हणाले, "तू महिनाभर राखेवर, मोठ्या भांड्यांवर." मी म्हटलं, दोन महिने बसते. अन यादी तशीच वर गेली, तिच्या नावासकट.

तिनं मात्र तिथंच साहेबाले सांगतलं, "बाईचं फडकं चुकीच्या जागी होतं, पण गाळणी पायजेच. पाणी खराबच आहे." मग वर्कशॉपातून तारेची बारीक जाळी आली, ती जोडात बसली, अन सत्यशीला रोज सकाळी ती काढून धुवाले लागली.

संध्याकाळी मी तिले विचारलं, "तू बोलली कावून नाई?"

"तुमी बोलता का नाई, ते पाहत होती."

"अन मी नसती बोलली तर?"

"तर मीच बोलली असती नं!" ती हसली. "तुमच्या लाजेपायी माझा नळ सोडते का मी?"

अशी होती तुमची शांत बाई!

दुसऱ्या दिवशी मी माठ खिडकीतून खाली घेतला, तिच्या मशीनशेजारी ठेवला. म्हटलं, पे. ती म्हणाली, "नाई बाई. आधी तुमी माझ्या घरचं पाणी प्या. मग मी तुमच्या माठातलं पिईन."

"तुझ्या घरी नळ कुठं आहे?"

"येईल."

पुढचे सात महिने ती आपला लोटा आणत राहिली अन माठाकडं वळून पाहिलं नाई. मले रोज टोचत होतं, अन टोचाले पायजेच होतं.

तिले क्वार्टर भेटलं सेक्टर 10 मध्ये, एका रविवारी. चुन्याचा वास, खिडकीले अजून रंग नाई, सामान म्हणजे दोन पेट्या अन एक खाट. जानराव मोरीच्या दारात उभे होते, आत कोणी बसाले तयार नाई. सारे मोरीत, नळापुढं. सत्यशीलेनं तोटीवर हात ठेवला. जरा थांबली. मग फिरवली.

नळ फुरफुरला, खोकलला, अन लालभडक पाणी आलं. जानराव हिरमुसले. सत्यशीला मान वळवून मले म्हणाली, "बाई, फडकं आणलं का?"

मी असं हसली, असं हसली की डोळ्याले पाणी आलं. मग त्याच हिरव्या लुगड्याच्या पदराची पट्टी टर्रकन फाडली. तिनं नळाले बांधली, पितळेचा लोटा खाली धरला, भरला, अन माझ्यापुढं केला. मी तोंडाले लावून पुरा प्याली. जरा गंजाची चव होती. मी म्हटलं, आणखी दे.

सोमवारी सकाळी ती होस्टेलात रिकाम्या हातानं आली. मशीनची जाळी धुतली, बशा लावल्या, बटन दाबलं. मग माझ्या माठात पेला बुडवला अन प्याली. विचारलंबी नाई.