वारसाचा रकाना

आयर्लंडमधल्या डंडॉकच्या आमच्या ऑफिसात नवा मराठी माणूस आला, की विनयदादा त्याला चहाही विचारायचे नाहीत. पहिला प्रश्न एकच, "पेन्शनचा फॉर्म भरला का?" दादा नागपूरचे, घरही आमच्या शेजारीच. त्यांचं काम टेस्टिंगचं, पण या फॉर्मसाठी ते हात धुऊन सगळ्यांच्या मागे लागायचे.

"तू टाकशील तेवढंच कंपनी टाकते, वरून त्यावर टॅक्स नाही. काहून सोडून राहिली?"

"दादा, आम्ही दोन वर्षांत परत जाणार."

"मीही बारा वर्षांपूर्वी हेच म्हणालो होतो बापा!"

शेवटी मी फॉर्म भरला, फक्त वारसाचा रकाना कोरा ठेवला. आपल्या मागे पैसे कुणाला, हे लिहायचं म्हणजे अभद्रच. दादा चिडले. "नाव लिहिल्यानं कोणी मरत नाही."

२०२१च्या जानेवारीत दादांना कोविड झाला. अँब्युलन्स आली तेव्हा मेघावहिनी दारात एकट्या उभ्या होत्या. मला सातवा महिना होता. मी भीतीने खिडकीतूनच पाहिलं, त्याची अजून लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी दुपारी हॉस्पिटलमधून दादांचा फोन आला. धाप लागली होती. "मेघाला सांगू नको. माझ्या फॉर्मवर अजून आईचं नाव आहे. मला काही झालं तर ती कागद घेऊन कुठंकुठं हिंडेल?"

फॉर्म लग्नाआधीचा होता. आई आदल्याच वर्षी नागपुरात गेली. विमानं बंद, म्हणून दादांनी अंत्यसंस्कार मोबाइलवर पाहिले होते.

"खोडायला बसलो की हातच चालत नव्हता," ते म्हणाले.

"आत्ता बदला दादा. मी फोनवरच आहे."

ते मोबाइलवरच फॉर्म शोधू लागले. पलीकडून ऑक्सिजनचा आवाज येत होता. मग नुसता तेवढाच आवाज येत राहिला.

"दादा? दादा!"

"टाकलं मेघाचं नाव." आणि ते रडायला लागले. "आईला आज पोचवून आलो बघ."

पाचव्या दिवशी दादा गेले. पुढे वहिनींना पैसे मिळायला काही अडचण आली नाही.

दादा गेले त्याच आठवड्यात मी माझा फॉर्म उघडला. बाळ पोटात लाथा मारत होतं. नवऱ्याचं नाव लिहिताना मी दादांचंच वाक्य, "नाव लिहिल्यानं कोणी मरत नाही", मोठ्याने म्हणत होते, आणि माझा त्यावर जराही विश्वास नव्हता.