सुईबाईची विजेची सायकल

सुईबाई पिते, असं आमच्या गल्लीत एकेकाळी बोललं जायचं. बोललं म्हणजे कुजबुजलं जायचं. ज्या बाईच्या हातात उद्या आपली शीर असणार, तिच्याबद्दल मोठ्याने बोलायची हिंमत कोणात असते? पण पुरावा भक्कम होता. उजाडायच्या आत ती बंद पडलेल्या गोदामाच्या मागे जायची. तिथल्या रखवालदाराने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं: धप्प असा आवाज, मग एक अस्सल शिवी, मग हसू, मग पुन्हा धप्प. दूध आणायला निघालेल्यांना ती परत येताना दिसायची. कोपर सोललेलं, कपडे गुडघ्यावर फाटलेले, केसांत पाचोळा, आणि नवीकोरी विजेची सायकल हाताने ढकलत. शुद्धीत असती तर त्या सायकलवर बसून नसती का आली, असं कोपऱ्यावरच्या दुकानातल्या वहिनींनी विचारलं. शिवाय ती जवळून गेली की वास यायचा. तो स्पिरिटचा, कापसाच्या बोळ्यांचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण एवढा आयता वास हाताशी असताना तो कशाचा हे कोण सांगत बसतं? माझ्यापर्यंत ही बातमी दोनदा आली. दुसऱ्यांदा आली तेव्हा तिच्यात एक बाटलीही आली होती.

बाईंचं काम म्हणजे सकाळी घरोघर जाऊन उपाशीपोटी बसलेल्या माणसांचं रक्त काढायचं, नळ्या बर्फाच्या पेटीत ठेवायच्या आणि पेटी वेळेत लॅबमध्ये पोचवायची. म्हणून सुईबाई. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत मुलगा, सून, नातू आणि ही. मुलाचं म्हणणं, आई आता घरी बस. हे तो इतक्या मायेने म्हणायचा की ऐकणाऱ्याला वाटावं घरी बसणं म्हणजे बक्षीसच. बाईंना मात्र घरी बसणं काय असतं ते चांगलं माहीत होतं. नवऱ्याच्या आजारपणात त्या दोन वर्षं घरी बसल्या होत्या, आणि त्या दोन वर्षांत त्यांना कोणी कुठल्याच नावाने हाक मारली नव्हती. नुसतं, अगं ऐक.

तर लॅबच्या साहेबांनी एक दिवस बोलावलं. टेकडीवर नव्या वसाहती झाल्या होत्या, तिथली घरंही सकाळच्या फेरीत घ्यायची होती. साहेब तसे वाईट नव्हते, फक्त त्यांना एक भाचा होता. भाच्याकडे सुई टोचायच्या कोर्सचा कागद होता, गाडी होती आणि सकाळी करायला काही नव्हतं. साहेब म्हणाले, पायी आणि बसने टेकडी जमायची नाही, स्वतःचं वाहन असेल तर फेरी तुमची, नाहीतर भाचा करेल. तुम्ही आत बसून नळ्यांना चिठ्ठ्या चिकटवा.

"चिठ्ठ्या चिकटवायला मी काय पोस्टात आहे?" बाई म्हणाल्या. "विजेची सायकल घेते."

"सायकल येते ना मावशी?"

"न यायला काय झालं?"

साहेबांनी मान डोलावली आणि अट घातली. वर्षभर बघू, वाहनामुळे एकदा जरी पेटी उशिरा आली, तर फेरी भाच्याची. भाचा बाजूला उभा राहून गाडीची किल्ली बोटात फिरवत होता. बाईंनी घरी काही काम निघाल्याचं सांगून थोडी रजा घेतली, आणि बाजारात मिळत होती त्यातली सगळ्यात स्वस्त विजेची सायकल मागवली.

ती खोक्यातून सुटी सुटी आली. मुलाने माहितीपत्रक बाजूला ठेवून, मला कळतं यातलं, असं म्हणत ती जोडली. पुढचं चाक धरणारा चिमटा उलटा बसवला. सायकल उभी राहिली खरी, पण चालायचं की मागे वळायचं हे न ठरलेल्या माणसासारखी दिसत होती. बाई ती ढकलत मेकॅनिककडे घेऊन गेल्या. त्याला गल्लीत नाहीकाका म्हणतात, कारण त्याचं प्रत्येक वाक्य नाहीपासून सुरू होतं. नाही, हे उलटं आहे. नाही, हे ब्रेक कामाचे नाहीत. नाही, ही सायकलच घ्यायला नको होती.

"घेतली आता," बाई म्हणाल्या. "पुढचं बोला."

चिमटा सरळ झाला, ब्रेकच्या रबरी पट्ट्या बदलल्या, आणि रजा संपली त्या सकाळी सुईबाई पेटी मागे बांधून अख्ख्या गल्लीसमोरून गेल्या. हँडल घट्ट धरलेलं, मान ताठ, नजर समोर. वहिनींनी दुकानातून हात हलवला तर बाईंनी हात हलवला नाही. शिष्ट झाली, असं त्या दिवशीचं निदान झालं.

पहिला सामना उन्हाशी. टेकडीवर झाड नाही, आणि सायकलची काळी बॅटरी तव्यासारखी तापायची. घरी येताच बाई ती काढून चार्जरला लावायच्या, आणि ती कुरकुरत बंद पडायची. नाहीकाका सांगत होता की बॅटरीच खराब, बदला. बाईंनी बदलली नाही. तापाने फणफणलेल्या माणसाला कोणी लगेच ताट वाढत नाही, असं म्हणून त्यांनी बॅटरी आधी मोरीजवळच्या गार फरशीवर तासभर ठेवायला सुरुवात केली. जुन्या चादरीचा पांढरा झगा शिवून तिला घातला. त्यानंतर ती शहाण्यासारखी चार्ज व्हायला लागली. भाच्याने तो झगा पाहिला आणि विचारलं, मावशी, बारसं कधी? बाई म्हणाल्या, तुझं झालं की.

पावसाळ्यात मात्र त्यांनी घोटाळा केला, आणि असा घोटाळा त्यांनीच करावा. मोटर मागच्या चाकात. तिथून निघणाऱ्या वायरी जिथे एकमेकींना जोडल्या होत्या ते सांधे उघडे होते. पाऊस यायच्या आधी ते झाकायचे, एवढं बाईंना कळलं. त्यांनी आयुष्यभर जे झाकलं होतं तसंच झाकलं: आधी कापूस, त्यावर जाळीची पट्टी, वरून चिकटपट्टी, टोकाला छानशी गाठ. इतकी देखणी मलमपट्टी की तो सांधा आठवड्याने बरा होऊन घरी जाईल असं वाटावं.

दुसऱ्याच जोरदार सरीत सायकल टेकडीच्या चढावर, अर्ध्या वाटेत बंद पडली. पेटीत सात घरांचं रक्त. वरच्या घरातले एक आजोबा उपाशी बसून घड्याळाकडे बघत होते, आणि आजोबा असे की चहा उशिरा मिळाला तर जगाचा हिशोब मागणारे. अशा सायकलचं वजन मोटर चालू असताना कळत नाही; बंद पडली की ती म्हैस होते. बाई उतरल्या नाहीत. उभ्या राहून पायडल मारत, रस्त्याच्या एका कडेकडून दुसऱ्या कडेला तिरक्या जात त्या चढल्या. मागून भाच्याची गाडी आली. त्याने काच अर्धी खाली केली आणि पेटी माझ्याकडे द्या, मी पोचवतो, असं अगदी गोड आवाजात सांगितलं. बाईंनी पेटीवरचा पट्टा आणखी एक भोक आवळला. आजोबांचं रक्त काढलं, त्यांची बोलणी ऐकून घेतली, उतारावर ब्रेक दाबत दाबत खाली आल्या आणि पेटी लॅबच्या टेबलावर ठेवली तेव्हा वेळ संपायला अगदी थोडा अवकाश होता. अंगातून इतकं पाणी गळत होतं की झाडूवाल्या मामांनी त्यांच्याभोवती फडकं टाकलं, माणसाभोवती नव्हे, फरशीवर.

नाहीकाकाने पट्टी सोडली. कापूस पिळला. त्यातून निघालेलं पाणी एका वाटीत मावलं नसतं.

"ताई," तो म्हणाला, आणि त्या दिवशी प्रथमच त्याचं वाक्य नाहीपासून सुरू झालं नाही, "ही वायर आहे. गुडघा नाही."

बाई हसल्या नाहीत. जखमेला हवा लागावी म्हणून जे वापरायचं तेच आपण इथे वापरलं, हे त्यांच्या लक्षात आलं. मग दुसऱ्या टोकाला गेल्या. न्हाणीघराच्या फटी बुजवायची रबरी लुकण आणून सांधे बुजवले, आणि त्याच भरात सायकलचा सगळा कारभार बघणारा तो छोटा डबा, कंट्रोलर म्हणतात तो, चारी बाजूंनी असा सील केला की मुंगीला नाक खुपसता येऊ नये. चार दिवसांनी सायकल पुन्हा आचके द्यायला लागली. पाणी वायरीच्या कडेने ओघळत आत गेलं होतं आणि बाहेर पडायला वाट नव्हती. नाहीकाका म्हणाला, नाही, आता नवीन डबाच टाकावा लागेल. बाई त्या डब्याकडे बघत राहिल्या. आत साचलंय, म्हणाल्या. ऑपरेशननंतर पोटात नळी का ठेवतात? साचू नये म्हणून. खाली भोक पाडा.

"डब्याला भोक? पावसात?"

"खालून. पाऊस वरून येतो."

नाहीकाकाने पुष्कळ नाही नाही केलं आणि मग भोक पाडलं. डबा वाळवला, चालू झाला. वायरी आत शिरतात तिथे बाईंनी सलाइनच्या नळीसारखा एक खाली लोंबता वळसा ठेवला, म्हणजे पाणी वळशाच्या तळाशी येऊन टपकावं, आत जाऊ नये. मागच्या चाकावर जुन्या पायपुसण्याचं रबर कापून लांब चिखलपट्टी लावली. टायर रुंद आणि खाचांचे घातले. सायकल दिसायला आता अशी झाली होती की चोरानेही दया करावी. पण उरलेल्या पावसात ती एकदाही रुसली नाही. आठवड्यातून एकदा बाई खाली वाकून त्या भोकातून काय आलं ते बघायच्या. नाहीकाका आता स्वतः दुसऱ्यांच्या डब्यांना भोकं पाडतो आणि ही माझी पद्धत आहे असं सांगतो. बाईंना ते माहीत आहे. त्यांनी त्याला एकदाच, नाहीकाका, तुमची पद्धत चांगली आहे हो, असं म्हटलं होतं, आणि तो दोन दिवस त्यांच्या समोर आला नव्हता.

थंडी आली. थंडीत या बॅटऱ्या अर्ध्या पोटी काम करतात. चार्ज झाल्यावर खाली सायकलला परत लावलेली आणि रात्रभर जिन्याखाली राहिलेली बॅटरी सकाळी टेकडीच्या पायथ्याशीच मान टाकायची. मग बाई ती रात्रभर तिसऱ्या मजल्यावरच ठेवायला लागल्या, नातवाचा आखूड झालेला स्वेटर घालून. सून म्हणाली, आई, आता हिला अंगाईही म्हणा. मुलाने पुन्हा तो विषय काढला: एवढे हाल कशाला, आई, घरी बस. बाईंनी बॅटरी स्वतःच्या पलंगाजवळ ठेवली आणि म्हणाल्या, ही बसते घरी रात्रभर, एक पुरे. सकाळी सपाट रस्त्यावर त्या मोटर बंद ठेवून पायांनी जायच्या आणि सगळी वीज चढासाठी राखायच्या. नाक लाल, बोटं ताठ, पेटी वेळेवर.

वर्ष संपत आलं आणि भाच्याला कळून चुकलं की हवामान काही आपल्या बाजूने नाही. तेव्हा त्याने ठेवणीतली ती जुनी कुजबुज काढली. साहेबांच्या कानावर घातली, बाटलीसकट. रक्ताचं काम, लोकांच्या घरात जाणं, उद्या काही झालं तर लॅबचं नाव. साहेब घाबरले. त्यांनी बाईंना सगळ्यांसमोर बोलावलं, आणि इकडेतिकडे बघत विचारलं की मावशी, लोक म्हणतात तुम्ही पिता.

बाईंनी टेबलाशी खुर्ची ओढली. बाही वर केली. एका हाताने आणि दाताने स्वतःच्या दंडाला रबर बांधलं, बोटाने शीर चाचपली, स्पिरिटचा बोळा फिरवला आणि स्वतःच स्वतःला सुई टोचली. नळी भरली. भाच्याने भिंतीकडे तोंड केलं होतं. बाईंनी रबर सोडलं, कापूस दाबला, नळीवर स्वतःच्या हाताने चिठ्ठी चिकटवली आणि ती साहेबांच्या पुढ्यात उभी केली.

"लॅब तुमची आहे. तपासा."

साहेब ओशाळले. तरी त्यांच्यातला चौकस माणूस काही गप्प बसेना. "पण मावशी, मग त्या वेळी पहाटे गोदामामागे काय करत होता?"

"ते रक्तात येत नाही," बाई म्हणाल्या, आणि बर्फाची पेटी उचलून निघाल्या. टेकडीवरचे आजोबा उपाशी होते.

तपासणीत हिमोग्लोबिन जरा कमी निघालं, बाकी काही नाही. साहेबांनी पालेभाजी खा असं कळवलं, आणि फेरी बाईंकडेच राहिली. भाच्याने गाडी विकून दुसरं काही सुरू केलं म्हणतात. काय ते मला ठाऊक आहे, पण ते वेगळं प्रकरण आहे आणि ते सांगायला मला अख्खी दुपार लागेल.

गोदामामागचं मला बाईंनीच सांगितलं. माझ्या दंडाला रबर बांधलेलं आणि सुई आत होती, म्हणून मी मध्ये बोलणार नाही याची त्यांना खात्री होती. कोणी दारुडी म्हणालं तर म्हणू दे, पण हे साहेबांना कळू द्यायचं नाही, असं त्यांनी त्या वेळीच ठरवलं होतं. त्यांनी दारूचा थेंबही कधी घेतलेला नाही. सायकल मागवली तेव्हा त्यांना सायकल चालवता येत नव्हती. बावन्नाव्या वर्षी त्या गोदामामागे शिकत होत्या, आणि पडत होत्या.