नऊ फडकी धुतलेली

गावात फुटाण्याची भट्टी एकच, आणि ती माझ्या मावशीची. आई गेल्यावर तिनं मला त्याच भट्टीच्या जोरावर वाढवलं. त्यामुळे आरोग्यसेविका होऊन तिच्याच धुराबद्दल गावाला सांगायची पाळी आली, तेव्हा अगदी जिवावर आलं होतं. भट्टी पऱ्हाटीवर, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांवर चालते. पण पऱ्हाटी संपली की फाटक्या चपला, टायरचे तुकडे, हाती लागेल ते आत जातं. मावशीचा खोकला दोन वर्षं हटत नव्हता.

चपला-टायर तेवढे बंद कर, वर उंच धुराडं लाव, एवढंच मी म्हटलं होतं. तिला ऐकू आलं ते भट्टी बंद कर. तिनं माझ्याशी बोलणंच टाकलं.

गावाचं म्हणणं, धूर काय आजचा आहे? मग मी डोकं लढवलं. दहा घरी एकेक पांढरं फडकं दिलं. आठ दिवस अंगणात टांगा आणि सभेला घेऊन या, म्हणून सांगितलं. त्यातलं एक मावशीच्या दारात मीच टांगून आले. ती आतून बघत होती, बाहेर काही आली नाही.

सभा विहारात होती. बाया वेळेवर आल्या, फडकी घेऊन. मी एकेक घडी उलगडत गेले आणि कपाळावर हात मारून घेतला. नऊच्या नऊ धुतलेली. एकीनं तर नीळसुद्धा दिली होती. दुसऱ्याची वस्तू मळकी कशी परत करायची, म्हणे. धुऊ नका, हे सांगायचं मीच विसरले होते. स्वतःचा इतका राग आला की हसूही येईना.

मावशी सगळ्यात शेवटी आली. कागदात गुंडाळलेलं फडकं तिनं माझ्या हातात ठेवलं. तव्याच्या बुडासारखं काळं, वरून चिकट.

"धुतलं नाही मी," ती हळूच म्हणाली. "तुले असंच पायजे होतं ना? दाखव. पन कोनाचं हाय ते सांगू नोको."

मी ते दोन्ही हातांनी वर धरलं. पुढच्या रांगेतल्या एकीनं विचारलं, कोणाच्या घरचं हे? तेवढ्यात मागं मावशीला खोकल्याची उबळ आली. पदर तोंडात कोंबून ती दाबू पाहत होती, पण खोकला थांबेना. विचारणारीनं मागं वळून पाहिलं आणि मान खाली घातली. परत कोणी विचारलं नाही. माझे हात वरच राहिले. खाली घेतले असते, तर मला रडू फुटलं असतं.