उजव्या पाकळीखालचं गंध

चार वर्षं झाली. या चार वर्षांत हे सांगायला मी कितीदा तोंड उघडलं आणि दरवेळी भलतंच बोलून मोकळा झालो — पावसाचं, काजूच्या मोहराचं, नाहीतर निवडणुकीचं. बायकोला सांगितलं नाही. भावाला नाही. देवासमोर रोज सकाळी उभा असतो, पण त्याला काय सांगायचं? तो तिथेच होता. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापाशी बोलतो, तुम्ही उतरवून घ्या. एक मात्र आधीच सांगून ठेवतो — बोलता बोलता माझा आवाज चढेल, मी हातवारे करीन, मधेच हसेनसुद्धा, आणि तुम्हाला वाटेल, हा माणूस चूक कबूल करतोय की लग्नाचं आमंत्रण देतोय? काय करू! या गोष्टीत वाघीण आहे. आणि तिची आठवण निघाली की मला धड गंभीर राहता येत नाही.

मी गुरव. मसुऱ्याच्या बाजाराला चालत जाता येईल एवढ्या अंतरावर आमचं गाव, आणि तिथल्या रवळनाथाची पूजा आमच्या घराकडे. देवळामागे राई आहे, देवाची, म्हणून तिथली वाळकी काटकीही कोणी उचलत नाही. राईच्या वर सडा, म्हणजे कातळाचा उघडा माळ. बिबटे तिथे पूर्वीपासून आहेत. आमच्याकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात. ‘वाघ इलो’ हे ऐकत लहानाचा मोठा झालो, पण स्वतःच्या डोळ्यांनी म्हणाल तर चाळीस वर्षांत एकदा एक शेपूट पाहिलं होतं, आणि आता वाटतं, तेही वानराचंच असावं.

मग बिबट्यांचा अभ्यास करणारी काही मंडळी बाहेरून आली. त्यांच्यातली एक तरुण मॅडम झाडांना बांधायचे कॅमेरे घेऊन आली होती. समोरून काही गेलं की आपोआप फोटो निघतो! मी तर पहिल्या दिवसापासून वेडाच झालो. राईत गुरवाने जायला कोणाची हरकत नव्हती, म्हणून दर आठवड्याला कॅमेऱ्यातलं कार्ड बदलायचं काम माझ्याकडे आलं.

पण त्याआधी गावाची बैठक झाली होती, देवळाच्या सभामंडपात, आणि तिथे एक अट ठरली होती. ती अट सुगंधाकाकीने घातली. सुगंधाकाकी म्हणजे आमच्या वाडीतली, साठीची, काटकुळी, आवाज असा की व्हाळापलीकडून, म्हणजे ओढ्यापलीकडून, हाक मारली तरी इकडे कुत्रं उठून बसावं. दोन गायी घेऊन रोज सड्यावर जायची. ससा कुठे बसतो, साळिंदर कुठून उतरतं, सगळं तिला ठाऊक. ओल्या मातीत कुत्र्याचा पाय कुठला आणि वाघाचा कुठला, हे मला मॅडमने नाही शिकवलं, काकीने शिकवलं. ती उठून म्हणाली होती, “वाघाचो फोटो गावलो तर पयलो गावाक दाखवचो. थंय ढोरां घेऊन आमी जातो. तुमच्या कंप्युटरात मगे घाला.” मॅडमने हात जोडून कबूल केलं. त्याबदल्यात गावाने कबूल केलं, की सड्यावरचं गवत कोणी पेटवणार नाही आणि डुकरांसाठी फासकी लावणार नाही. गावाने शब्द पाळला, हे लक्षात ठेवा. एकाही माणसाने मोडला नाही. म्हणजे — एकाने सोडून, आणि त्याने मोडला तो फोटोचा.

तो फोटो! काजू पिकायच्या दिवसांत एका सकाळी पूजा आटोपून मी कार्ड आणलं आणि देवळामागच्या पायरीवर बसून मोबाइलला लावलं. डुक्कर, डुक्कर, मोर, माझाच पाय, पुन्हा डुक्कर. आणि मग ती. वाघीण! तोंडात पिल्लू, मान धरलेलं, त्याचे चारही पाय लोंबतायत. आणि मागून दुसरं, गवतातून एवढंसं डोकं वर काढून, एक पाय उचललेला. आजही सांगताना अंगावर काटा येतो, हा बघा! मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. उठून पायरीवरच नाचलो, सोवळं सुटायची वेळ आली. आमच्या राईत, माझ्या देवाच्या मागे, हाकेच्या अंतरावर वाघीण व्याली होती! तुमच्या आयुष्यात असं झालंय कधी, की आनंद एवढा झाला की तो घेऊन कुठे पळावं ते कळेना?

मला खरं तर पळायला हवं होतं ते काकीच्या घरी. ठरलं होतं तसंच. मी गेलो नाही.

का? स्वतःला मी एक कारण दिलं होतं. मोटारसायकलवरून पोरं येतील, मोबाइल घेऊन राईत घुसतील, कोणीतरी पिंजरा मागवील, पिल्लं आईपासून तुटतील. पंधरा दिवस जाऊ देत, पिल्लं जरा थोराड होऊ देत, मग सांगू. ऐकायला बरं वाटतं ना? पण तुमच्यापाशी खोटं कशाला बोलू. त्या कारणाखाली दुसरंच होतं. ती वाघीण मला एकट्याला हवी होती. जगात मी सोडून कोणाला ठाऊक नाही, या कल्पनेनेच मला झोप यायची नाही, आणि भूक मात्र दुप्पट लागायची. फोटो मी मोबाइलमध्ये उतरवून घेतला आणि कार्डावरून पुसून टाकला. म्हणजे मॅडमलाही नाही. दिवसातून वीस वेळा काढून बघायचो, आणि त्याच सुमारास काकी देवळासमोरून गायी घेऊन सड्यावर जायची. मी बघायचो आणि हात हलवायचो.

सहाव्या दिवशी दुपारी काकी सड्यावरून धावत खाली आली. एका पायात चप्पल, कोयती सड्यावरच टाकून आलेली, गायी पुढे उधळलेल्या. ढोपर फुटलं होतं. देवळासमोरच्या पारावर बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, की राईच्या तोंडाशी कातळावर वाघीण पडलेली आणि दोन पिल्लं तिच्या पाठीवर चढत होती. माणसं जमली. आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, साहजिकच. कॅमेरेवाला मीच ना!

मी म्हटलं, “कॅमेऱ्यात काय एक दिसाक नाय. उदमांजर आसतला.”

किती सहज निघालं तोंडातून! उदमांजर. कोणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळेच हसले. काकी, मांजराक बघून धावलंस? दोन दिवसांत ही गजाल मसुऱ्याच्या बाजारात पोचली. काकी भाजी घ्यायला गेली तर भाजीवाली म्याव म्हणाली. काकी चिडली, भांडली, आणि तिसऱ्या दिवशी आमच्या मानकऱ्यांकडे, आप्पांकडे, जाऊन म्हणाली, “देवाक इचारा.”

आता इथे तुम्हाला आमची रीत सांगायला हवी. गावात एखादी गोष्ट खरी की खोटी हे सुटत नसेल, तर देवाचा कौल घेतात. देवाच्या पाषाणावर उजव्या-डाव्या बाजूला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. मानकऱ्यांनी गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे देवाला मोठ्याने विचारायचं. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. पाकळ्या लावायचा मान गुरवाचा. दोन्ही पाकळ्या एकाच ताम्हनात, एकाच पाण्यात बुडवायच्या आणि सारख्या दाबायच्या, एवढंच वडिलांनी मला शिकवलं होतं. त्यांच्या आधी त्यांच्या वडिलांनी त्यांना. दुसरं काही शिकवण्यासारखं नाहीच त्यात.

रविवारी सकाळी सभामंडप भरला. काकी नवं लुगडं नेसून आली होती, ढोपर बांधलेलं, आणि चेहरा इतका निर्धास्त! खरं बोललेल्या माणसाला देवाची कसली भीती? मी गाभाऱ्यात उभा होतो. लोकांकडे माझी पाठ. समोर उगाळलेलं गंध होतं, घट्ट, सकाळच्या पूजेतलं. मी डावी पाकळी पाण्यात नुसती टेकवली. उजवीला आतून गंध लावलं आणि अंगठ्याने दाबून बसवली.

झालं, सांगितलं. चार वर्षं जे घशात अडकलं होतं ते एवढंच आहे. बोटभर गंध.

आप्पांनी गाऱ्हाणं सुरू केलं. “बा देवा रवळनाथा म्हाराजा! सुगंधान सड्यार वाघीण बघल्यान म्हणता. ता खरा आसात तर उजवी दी, भास आसात तर डावी दी रे म्हाराजा!” सगळा मंडप म्हणाला, “व्हय म्हाराजा!” मीही म्हणालो. आणि तो आवाज विरायच्या आत डावी पाकळी सुटून खाली आली. उजवी दुपारपर्यंत तिथेच होती. शेवटी नखाने काढावी लागली मला.

काकी भांडेल असं मला वाटलं होतं. ती भांडली असती तर बरं झालं असतं. तिने देवाला हात जोडले, गालांवर मारून घेतलं आणि म्हणाली, “देवान सांगल्यान, मगे काय. माजेच डोळे फिरले.” लोक तिला हसले नाहीत त्या दिवशी. उलट समजूत घातली. वय झालं की होतं असं, म्हणाले.

मुलाने तिला ओरोसच्या इस्पितळात नेऊन डोळे तपासून आणले. जवळचं वाचायचा चष्मा मिळाला, लांबचं तिला चांगलं दिसतं असं तिथे सांगितलंही, पण देवापुढे डॉक्टरचं कोण ऐकतो? दोन्ही गायी तिने मिठबावला लेकीकडे पाठवून दिल्या. सड्यावर जाणं बंद झालं. आणि तिचं बोलणं बदललं. ही खणखणीत बाई आता काहीही सांगितलं की पुढे जोडते — “माका तसा दिसला हां, खराखोटा तुमी बघा.” रस्त्यावर उभी असते, समोरून एस्टी येताना दिसते, तरी शेजारणीला विचारते, “इली काय गो?” हे मी देवळाच्या पायरीवरून ऐकतो.

आणि वाघीण? मजेत! पुढच्या वर्षी तिचा एक बच्चा पुरता वाढून आईएवढा झालेला कॅमेऱ्यात आला. मॅडम म्हणाली, हा नवीन कुठून आला? मी मान वळवली, आणि वळवलेल्या तोंडाने हसत होतो. होय, आनंद झाला मला. तेव्हाही झाला, आताही होतो. या आनंदाचं काय करायचं, मला खरंच कळत नाही.

यंदा ती पुन्हा व्याली. या वेळी फोटो आला तेव्हा मॅडम माझ्या शेजारीच बसली होती, त्यामुळे लपवायचा प्रश्नच आला नाही. त्याच दिवशी संध्याकाळी सभामंडपात भिंतीवर मोठा करून दाखवला. काय सांगू तुम्हाला! अख्खं गाव उठून उभं राहिलं. म्हातारे पोरांसारखे हसत होते. आप्पांनी लगेच गाऱ्हाणं घातलं, की आमच्या पोराबाळांबरोबर तिचीही पोरं सांभाळ रे म्हाराजा, आणि “व्हय म्हाराजा” असा आवाज झाला की छपरावरची पाखरं उडाली. मग दहा मिनिटांत ठरलं, की पावसापर्यंत राईच्या बाजूला कोणी फिरकायचं नाही, ढोरं पलीकडच्या सड्यावर, पोरांना घरच्यांनी आवरायचं. पिंजऱ्याचं नावही कोणी काढलं नाही. ज्याची भीती घालून मी स्वतःला चार वर्षं गप्प ठेवलं होतं, त्यातलं काही, काही म्हणजे काहीही झालं नाही.

काकी मागे खांबाला टेकून फोटो बघत होती. शेजारच्या बायांना म्हणाली, “बरी दिसता गो. मी कधी बघूक नाय वाघीण.”

मग मॅडमने सांगितलं, सड्यावर लक्ष ठेवायला गावातल्याच चार बायका हव्यात, सड्याची माहिती असलेल्या. पावलं बघायची, वाघीण कुठे फिरते त्याप्रमाणे गुराख्यांना वाट सांगायची. तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत सगळ्या बायकांनी एकच नाव घेतलं. सुगंधाकाकी! दुसरं कोण?

काकी दोन पावलं मागे सरली. “माका नको गो बाय. माज्या डोळ्यांचो काय भरवसो? त्या सदाक इचारा. तेच्या कॅमेऱ्याक जा दिसता ता खरा.”

सदा म्हणजे मी. नावं लिहायची वही माझ्याच हातात होती. सगळे माझ्याकडे बघत होते, अगदी त्या दिवशी पारावर बघत होते तसे. तोंड उघडलं मी. शपथेवर सांगतो, उघडलं. आणि म्हटलं, “बरां काकी.” मग वहीत दुसऱ्या बाईचं नाव लिहिलं.

हे छापून आलं की गावात पोचेल. काकीची सून वाचणारी आहे, ती वाचून दाखवील. आप्पाही ऐकतील, आणि पाकळ्या लावायचा मान आमच्या घराकडे ठेवायचा की नाही ते गाव ठरवील. ठरवू दे. मला क्षमा वगैरे नको, आणि मला समजून घ्या असंही मी म्हणत नाही. जे काकीच्या तोंडावर बोलता आलं नाही तेवढं इथे सांगतो.

काकी, ती वाघीणच होती. दोन पिल्लां होती. तू बघलंस तेच्या सहा दिवस आदीपासून माज्याकडे तिचो फोटो होतो.