समुद्रावर, विहिरीची वाट पाहताना

हे लिहायला बसलो खरा, पण लिहिण्याचा आपला काय अधिकार, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. आईवडिलांनी अजून समुद्र पाहिलेला नाही. ज्यांनी आयुष्य समुद्रावर काढलं त्यांनी लिहावं, असा हा विषय आहे. मी एकाच सफरीला गेलो, आणि तेव्हाही माझं अर्धं लक्ष पारनेर तालुक्यातल्या आमच्या विहिरीत अडकलेलं होतं. म्हणून आधीच माफी मागतो.

नगरला एम.एस्सी. करत असताना आमच्या सरांनी माझा अर्ज पाठवला आणि समुद्राच्या अभ्यासाला निघालेल्या एका जहाजावर विद्यार्थी म्हणून माझी निवड झाली. गोव्याहून निघायचं, अरबी समुद्रात ठरलेल्या ठिकाणी थांबत थांबत खोल पाण्याचे नमुने घ्यायचे, त्यातला खारेपणा मोजायला शिकायचं. घरी सांगितलं तेव्हा आई धार काढत होती. मान वर न करता म्हणाली, "समुद्राचं पानी मोजायचं? का, कुनी चोरतंय व्हय?"

त्याच सुमारास वडिलांनी, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, विहीर आणखी खोल न्यायला काढली. लागोपाठच्या उन्हाळ्यांत तिनं तळ दाखवला होता आणि टँकरचं पाणी पाजून गायी सांभाळणं परवडत नव्हतं. आप्पांनी ठरवून टाकलं होतं. पाणी लागलं तर गायी राहतील, नाही तर बाजार. आई उठून गोठ्यात गेली. कालवडी होत्या तेव्हापासून त्या तिच्याच हाताखाली वाढलेल्या. माझं कॉलेजही त्यांच्या दुधावरच चाललेलं. मी निघालो त्या दिवशी दगड-मुरूम वर ओढणारी यारी विहिरीच्या काठावर बसली होती, आणि खाली नुसता काळा खडक होता.

जहाजावरचे सुरुवातीचे दिवस उलट्यांत गेले. मग अंग सरावलं. कामाच्या पाळ्या ठरलेल्या होत्या. सकाळी इडली-सांबार, मग जेवणाच्या खोलीतच वर्ग भरायचा. जहाज कललं की फळ्यापुढचे खडू घरंगळत जायचे आणि शिकवणाऱ्या मॅडम बोलणं न थांबवता ते पायानं अडवायच्या. बोलणं बहुतेक इंग्रजीत. मी आधी मनात मराठीत वाक्य जुळवायचो, ते जुळेपर्यंत विषय पुढे गेलेला असायचा.

माझ्या खोलीत मालवणकडचा एक मुलगा होता, मासेमारी करणाऱ्या घरातला. त्याला उलटी म्हणून झाली नाही. गोडं पाणी जपून वापरा, अशी सूचना न्हाणीघराच्या दारावर लावलेली होती. पोरं त्यावरून कुरकुरायची. मला तर नळाखाली उभं राहायचीच लाज वाटायची. मी खलाशाकडून बादली मागून घेतली. मालवणकर ती बघून म्हणाला, "अरे दुष्काळ्या, तू बादलीभर पाण्यात आंघोळ करणार की शेती करणार?" तेव्हापासून मी जहाजावर दुष्काळ्याच झालो.

खोल पाणी वर आणायला पोलादी दोराला नळ्यांचा एक सांगाडा बांधून समुद्रात सोडत. वेगवेगळ्या खोलीवर एकेक नळी बंद व्हायची आणि तिथलं पाणी घेऊन वर यायची. दोर गुंडाळणाऱ्या यंत्राचा आवाज थेट आमच्या यारीसारखा. तो सुरू झाला की मला एका जागी उभं राहवत नसे. वाटायचं, आता बादली वर येईल, कुणीतरी मुरूम मुठीत दाबून पाहील आणि ओला की कोरडा ते सांगेल.

सांगाडा वर आला की नळ्यांतलं पाणी बाटल्यांत भरायचं. ज्या नळीचं पाणी भरायचं, त्याच पाण्यानं बाटली आधी तीनदा विसळायची, आणि विसळलेलं फेकून द्यायचं. हे मला पाठ होतं. पण हात ऐकेनात. पहिली बाटली विसळलेलं पाणी मी दुसरीत ओतलं, दुसरीतलं तिसरीत. आमच्याकडे तांब्या विसळलेलं पाणी असंच पुढे पुढे जातं आणि शेवटी गायीच्या घमेल्यात पोचतं.

मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. "हे काय चाललंय? एका खोलीचं पाणी दुसऱ्या खोलीच्या बाटलीत?"

"मॅडम, वाया जातंय," मी म्हणालो.

बोलून गेलो खरा. चारी बाजूंना समुद्र होता.

"दुष्काळ्या, जरा मागे वळून बघ," मालवणकर म्हणाला. "पुरेल रे."

सगळे हसले. मॅडमही हसल्या, पण सगळ्या बाटल्या माझ्याच हातानं ओतायला लावल्या. नळ्यांत पाणी उरलेलं होतं म्हणून निभावलं. मी पुन्हा विसळायला लागलो. दर वेळी पाणी डेकवर सोडताना, कुणी आपलं माणूस बघत तर नाही ना, असं वाटून नजर वळायची.

मोबाईलला रेंज नव्हती. जहाजावरून ई-मेल जायची, पण घरी ती कोण उघडणार? चुलतभावाला पत्ता देऊन ठेवला होता, त्याचं काही आलं नाही. सॅटेलाइट फोन कप्तानाकडे होता, तोही अडीअडचणीपुरता. मी डेकवर या टोकाकडून त्या टोकाकडे फिरत राहायचो. सुरुंग लावला असेल का? यारीवाला अर्ध्यावर सोडून तर गेला नसेल? मालवणकर म्हणाला, "जा की, माग फोन. सांग कप्तानाला, आमची विहीर बुडतेय."

गेलो एकदा. कप्तानानं विचारलं, "घर में कोई बीमार है?"

"नहीं सर."

"फिर?"

मला विहीर, यारी, गायी हे सगळं हिंदीत एका दमात जुळवता येईना. "कुछ नहीं सर," म्हणून परत आलो. त्या दिवशी जेवण गेलं नाही.

परतीच्या वाटेवर किनाऱ्याची रेघ दिसली आणि सगळे एकाच बाजूच्या कठड्याला येऊन मोबाईल वर धरून उभे राहिले. माझा फोन लागला तेव्हा आप्पांनीच उचलला.

"जेवला का?"

"जेवलो. आप्पा, विहिरीचं काय झालं?"

"आधी तू कुठं हाय ते सांग. जमिनीवर आला का?"

"दिसतीय जमीन. पाणी लागलं का?"

"लागलं की. यारी उतरून लई दिस झालं."

मी कठडा घट्ट धरला. मालवणकर माझ्या तोंडाकडे बघत होता.

"पन मचूळ हाय," आप्पा म्हणाले. "खारट लागतंय. च्या नासतो. तुज्यासाठी बाटली भरून ठिवलीय. तुला मोजता येतं नव्हं?"

"येतं. बाटली आधी त्याच पाण्यानं विसळली का? तीनदा?"

"येड्या, सांडायला पानी हाय का आपल्याकडं?"

माझी पुढचं विचारायची छाती होईना. तरी विचारलं, "आन गायी?"

पलीकडे फोन हातातून हातात गेला. आई म्हणाली, "पयल्या दिशी तोंड लावलं आन बाजूला झाल्या. मंग मी त्यात पेंड कालवली. आता तसंच पित्यात." आणि मग म्हणाली, "हायत दावनीला."