जपान हळदीनंतर

जपानला जायचं खूळ आमच्या ह्यांचं. बंदरातल्या नोकरीतून निवृत्त झाले आणि खांदा कॉलनीतल्या आमच्या घरात त्यांनी भिंतीवर जपानचा नकाशा चिकटवला. देवदर्शन सोडलं तर आमच्यातलं कुणी हौसेने कुठे लांब गेलेलं नाही. ह्यांना मात्र तिकडचा फुलांचा बहर बघायचा होता. तो एप्रिलच्या तोंडावर असतो, म्हणून जायचं तेव्हाच.

तयारी जोरात सुरू झाली. शेवया दोन काड्यांनी खायचे, निम्म्या लुंगीवर सांडायच्या. मला आरशासमोर उभं करून शिकवायचे, "तिथं हात नाय जोडायचे. हात मांडीला लावायचं नि कमरेतून वाकायचं." मी चिडायचे आणि हसायचेही.

तिकिटं काढणार, तेवढ्यात माझ्या भावाच्या मुलाचं लग्न ठरलं. हळद नेमकी आमच्या प्रवासाच्या आठवड्यात. आम्हा आगऱ्यांत एकवेळ लग्न चुकलं तर चालेल, पण हळद चुकवलेली कुणी विसरत नाही. त्यात मी सख्खी आत्या.

"आपल्याशिवाय पन हळद व्हईल गो," हे हळूच म्हणाले.

"काय नाय जायचं!" मी फणकारले. "लोक काय म्हनतील? फुलं पुढच्या वर्साला बघू."

ते वाद घालणाऱ्यातले नव्हते. नकाशा तेवढा भिंतीवर राहू दिला.

श्रावणात ते गेले. झोपले ते उठलेच नाहीत.

परवा भाच्याने हळदीचा व्हिडिओ पाठवला. रोडपालीत भावाच्या घरापुढचा मांडव, कानठळ्या बसवणारा बेंजो, आणि दारात पाहुण्यांचं स्वागत करायला हे. येईल त्याच्यासमोर हात मांडीला लावून कमरेतून वाकतायत! एका म्हाताऱ्याला वाटलं पाया पडतायत, त्याने डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. ह्यांचा चेहरा नुसता फुललेला. तेवढ्यात कडेला मी दिसते, पिवळ्या साडीत, डोळे वटारून. हे माझ्याकडे बघतात, ताठ होतात. पुढच्या पाहुण्याला मुकाट हात जोडतात.

त्या बाईचा मला इतका राग येतो की काय सांगू. हळदीला कोण आलं, कोण नाही, आज माझ्या भावालाही आठवत नाही.

मी रोज तो व्हिडिओ लावते. पिवळी साडी दिसायच्या आत बंद करते.